ऑपरेटर क्रमांक चार

पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या दुसऱ्या लाइनवर मंगळवारी सकाळी सव्वाआठला पहिला आवाज झाला. टिचकी मारल्यासारखा, बारीक. प्रेसवरच्या माणसाने हाउसिंगच्या, म्हणजे पंपाच्या ओतीव कवचाच्या, भोकात कडीसारखा पितळी बुश दाबून बसवला आणि हाउसिंगला केसाएवढी चीर गेली. त्याने तो नग बाजूला ठेवून दुसरा घेतला. दुसराही गेला. अकरा वाजता लाइन थांबवली, तेव्हा चीर गेलेल्या हाउसिंगची संख्या तीनशे बारा होती आणि प्रेसभोवती इतके साहेब जमले होते की प्रेसवाल्याला पाणी प्यायला बाहेर पडता येईना.

त्या घोळक्यात खरेदी विभागातला एक अधिकारी सर्वांत मागे उभा होता. बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांचे पुरवठादार सांभाळणं हे त्याचं काम. बुश बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये त्याला ‘मायक्रॉन साहेब’ म्हणत. चौदा वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत त्याने तिथली प्रत्येक वस्तू मोजली होती. चहाच्या कपाचा कान तेवढा सुटला, असं तिथली माणसं अजून सांगत. पुढे कारखान्यातही तेच नाव चिकटलं.

कोणीतरी बुश मोजायला मायक्रोमीटर मागवला. मायक्रॉनला मायक्रोमीटरची गरज नव्हती. बुश किती जाड निघणार हे त्याला माहीत होतं. दोन शतांश मिलिमीटर. आणि ते तसे का आहेत, हे तिथे जमलेल्या पंधरा-सोळा माणसांत त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. हाउसिंगला भोक पाडणारं मशीन तेव्हा झिजलं होतं. भोकं किंचित मोठी पडत होती आणि बुश सैल बसत होता. मशीन दुरुस्तीला काढायचं तर लाइन तीन आठवडे बंद. ड्रॉइंग बदलायचं तर सात सह्या आणि दोन महिने. मायक्रॉनने तिसरा मार्ग काढला. वर्कशॉपच्या मालकाला, तात्यांना, फोन केला आणि म्हणाला, “तात्या, बुश दोन शतांश जाड ठेवा. तोंडी सांगतोय. कागदावर आहे तेच माप लिहीत जा.”

“किती दिवस?”

“नवीन मशीन येईपर्यंत. आलं की मी सांगतो.”

तात्यांचा माल कारखान्यात न मोजता थेट लाइनवर जायचा. चौदा वर्षांत एकही नग परत न आल्याने मिळालेला तो मान होता. त्यामुळे कागदावर एक माप आणि डब्यात दुसरं, हा प्रकार दोन वर्षं बिनबोभाट चालला. कोणाला कळलं नाही, कोणाचं अडलं नाही. उलट वर्षअखेरीच्या बैठकीत लाइन एक दिवसही बंद न पडल्याबद्दल मायक्रॉनचं कौतुक झालं.

नवीन मशीन चार महिन्यांपूर्वी आलं. ते सुरू करण्याआधी करायच्या कामांची यादी मायक्रॉनने स्वतः केली होती. दहा कामं होती आणि दहाही वेळेत झाली. अकरावं काम यादीत नव्हतं, कारण ते कुठे लिहायचंच नव्हतं. जुन्या भोकांची हाउसिंग साडेतीन महिने पुरली. मंगळवारी सकाळी नव्या मशीनवरची पहिली हाउसिंग लाइनवर आली.

दुपारी पार्किंगमध्ये, आपल्या गाडीत बसून, काचा वर करून त्याने तात्यांना फोन लावला.

“साहेब, तुमचा फोन येणार होता ना?” तात्या एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मायक्रॉनला वाटलं.

“तात्या, राहून गेलं माझ्याकडून.”

पलीकडे ग्राइंडिंग मशीनचा आवाज येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला आणि मशीन दूर गेलं.

“आता काय करायचं?”

“तुम्हाला फॉर्म येईल. चूक का झाली, ते लिहायचं. मशीनची चूक लिहिलीत तर मशीन तपासायला माणसं येतील, आणि मशीन तर ठणठणीत आहे.”

“मग काय लिहू? तुम्ही सांगा. खरं लिहिलं तर दोन वर्षांचे खोटे रिपोर्ट माझ्याच सहीचे आहेत. मी जन्मात उभा राहत नाही.”

मायक्रॉनने डोळे मिटले. असले फॉर्म त्याने शेकड्यांनी वाचले होते. कोणतं वाक्य वर सरकतं आणि कोणतं परत येतं, हे त्याला पाठ होतं. त्याने लिहून घ्यायला सांगितलं. “त्याच मशीनवर दुसऱ्या गिऱ्हाईकाचा जाड बुश चालू होता. काम बदलताना डायलचा काटा पुन्हा शून्यावर आणण्याची सूचना ऑपरेटरला दिली होती. ऑपरेटर विसरला.”

“विसरला,” तात्या लिहिता लिहिता पुटपुटले. “आमच्याकडे ग्राइंडिंगला मावशी आहेत.”

“फॉर्मवर नाव नसतं तात्या. नंबर असतो.”

शुक्रवारी बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला गुणवत्ता विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत. दुसऱ्या बाजूला तात्या, इस्त्रीचा शर्ट घालून, एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं धरून. मायक्रॉन मधल्या खुर्चीत. मॅडमना ओरडायची सवय नव्हती. त्या फक्त पुढचा प्रश्न विचारत.

“बुश जाड का झाले?”

“काटा शून्यावर नव्हता.”

“का नव्हता?”

“ऑपरेटर विसरला.”

“त्याला सांगितलं होतं?”

तात्यांनी मान वर केली. मायक्रॉनकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मायक्रॉनला कळलं. “सांगितलं होतं.”

“कोण ऑपरेटर?”

“क्रमांक चार.”

“किती वर्षं आहे कामावर?”

“एकोणीस.”

मॅडमनी पेन थांबवलं. “एकोणीस वर्षांचा माणूस काटा विसरतो?” त्या मायक्रॉनकडे वळल्या. “तुम्ही ओळखता ना यांना? तुम्हाला पटतंय?”

हीच जागा होती. नंतर कितीतरी दिवस तो या प्रश्नाकडे परत परत येत राहिला. दार सताड उघडं होतं, आत यायला कोणी अडवत नव्हतं. त्याला फक्त म्हणायचं होतं, मॅडम, फोन मी करायचा होता. पाच-सहा शब्द. पण ते शब्द बाहेर पडले असते तर त्यांच्यामागून दोन वर्षांचे रिपोर्ट, ते कौतुक, आणि तात्यांचे चौदा कामगार रांगेने बाहेर आले असते. निदान तेव्हा त्याने स्वतःला तसं सांगितलं. खरं कारण इतकं लांबलचक नव्हतं. त्याला भीती वाटली.

“माणूस आहे मॅडम,” तो म्हणाला. “होतं कधीतरी.”

मॅडमनी लिहिलं: ऑपरेटर क्रमांक चार मशीनवरून हटवावा. एका महिन्याने प्रत्यक्ष पडताळणी. पडताळणी करणार: खरेदी विभाग. पुन्हा असं झालं तर पुरवठादार बंद.

बाहेर पडल्यावर लिफ्टपाशी तात्यांनी त्याचा दंड हलकेच दाबला. “साहेब, तुम्ही आत आहात म्हणून आम्ही आहोत. खरं सांगून तुम्हाला तोंडघशी पाडलं असतं, तर उद्या कुठल्या खरेदीवाल्याने मला फोन केला असता? जाऊ द्या.” तो उपकार नव्हता. तो चोख धंद्याचा हिशेब होता, आणि तरीही मायक्रॉनला तो उपकारासारखा बोचला.

घरी त्याने बायकोला अर्धीच गोष्ट सांगितली. बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती. दिवसभर नळ्यांवर नावं चिकटवण्याचं तिचं काम. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

“मग त्या चार नंबरचं काय झालं?” तिने विचारलं.

“काय व्हायचंय? दुसऱ्या कामावर घेतील. ते फक्त कागदावर आहे.”

“आमच्याकडे येणारी माणसंपण कागदावरच असतात,” ती म्हणाली. “तू जेवताना पाण्याचा ग्लास चार वेळा सरकवलास. काय मोजतोयस?”

“काही नाही.”

“बरं. काही नाही तर काही नाही.” तिने त्याच्या शर्टाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. “सांगावंसं वाटलं की सांग. मी काही मॅडम नाही तुझी.”

त्याने सांगितलं नाही.

महिना झाल्यावर, गुरुवारी दुपारी तीनला, तो पडताळणीला गेला. वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड. पुढे तात्यांची काचेची केबिन, मग लेथ, मग ग्राइंडर, आणि शेवटी खिडकीखाली पॅकिंगचं टेबल. हातात क्लिपबोर्ड, त्यावर फॉर्मचं दुसरं पान. तीन ओळी भरायच्या: ऑपरेटर बदलला का, प्रशिक्षण दिलं का, सही.

ग्राइंडरवर तात्यांचा भाचा होता. तिशीचा, अंगाने भक्कम, कपाळावर घाम. त्याच्या पायाशी नापास नगांचा डबा गळ्यापर्यंत भरला होता.

“जमतंय का?” मायक्रॉनने विचारलं.

“जमतंय की,” भाचा म्हणाला. “डब्याला जमतंय.”

पॅकिंगच्या टेबलाशी मावशी बुशांना तेल लावून कागदात गुंडाळत होत्या. वय पंचावन्नच्या पुढे. चष्मा कपाळावर सरकवलेला, हात चाललेले. ग्राइंडरचा सूर जरा बदलला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची, आणि मग त्या ती परत आणायच्या. गळ्यात एका दोरीने छोटी वही आणि पेन्सिल अडकवलेली होती. पूर्वी तिथे काही नसायचं.

“या साहेब! मोजायला आलात? माझी उंची राहिलीय मोजायची.”

तो हसला. हसताना गाल दुखले. “कशा आहात मावशी?”

“मी छान आहे. डोकं तेवढं गळायला लागलंय.” त्यांनी एक गठ्ठा बांधला आणि वहीत रेघ मारली. “पन्नासचा. लिहिलं नाही की जातं बघा.”

“ही वही कशाला?”

“लेकीने अडकवलीय. मांजरीला घंटा बांधतात ना, तशी.” त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. अक्षर मोठं आणि काळजीपूर्वक होतं. गॅस बंद केला, सात दहा. दार लावलं, ओढून पाहिलं. तात्या म्हणाले पन्नासचे गठ्ठे. मी हो म्हणाले.

शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली.

“हे ‘मी हो म्हणाले’ कशासाठी?”

“आता तुमच्यापासून काय लपवायचं? तुमचंच नुकसान झालं माझ्यामुळे.” मावशींनी आवाज खाली आणला. “तात्यांनी सांगितलं होतं हो मला. काटा शून्यावर आणा म्हणून. मी म्हणे मान हलवली, हो म्हणाले. आणि मला साहेब काही म्हणता काही आठवत नाही. किती डोकं खाजवलं. कुठे उभी होते, हातात काय होतं, काही नाही. पाटी कोरी. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. शेवटी शेवटी ती स्वतःच्या घराची बेल वाजवायची आणि आत कोण राहतं विचारायची.”

त्यांनी पुढचा बुश उचलला, तेलात बुडवला.

“लेक आता नातीला माझ्याकडे ठेवत नाही. बरोबरच आहे तिचं. सांडलं-पडलं चालतं, मूल कसं विसरून चालेल? कामावरून न्यायलासुद्धा तीच येते. परवा डॉक्टरांकडे जायचंय. ते म्हणे चित्रं दाखवतात आणि घड्याळ काढायला सांगतात.”

मायक्रॉनने क्लिपबोर्ड टेबलावर ठेवला. तो वळला, केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

“तात्या, त्या विसरल्या, असं तुम्ही त्यांना खरंच सांगितलंत?”

तात्या उठले नाहीत. “वाक्य तुमचं होतं साहेब.”

“फॉर्मसाठी होतं ते! मशीनवरून हलवायचं तर भाच्याला काम शिकवायचंय म्हणा, डोळे तपासायचेत म्हणा, काहीही...”

“आणि मॅडमच्या माणसाने येऊन त्यांना विचारलं असतं, की बाई, तुम्हाला सांगितलं होतं का? तर?” तात्यांनी टेबलावर बोट आपटलं. “मावशींना खोटं बोलता येत नाही. एकोणीस वर्षं बघतोय. लाल होतात. म्हणून त्यांना खोटं बोलावं लागू नये, एवढी व्यवस्था केली मी. तुम्ही फोनवर एक वाक्य सांगितलंत आणि मोकळे झालात. ते खरं करून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.”

“त्यांना वाटतंय डोकं चाललंय त्यांचं.”

“मला दिसत नाही?” तात्यांचा आवाज फाटला. “रोज ती वही बघतोय मी. तुम्ही महिन्याने एकदा बघितलीत. आज वाटतं उद्या सांगू, उद्या वाटतं पडताळणी होऊन जाऊ दे. झाली पडताळणी की सांगणार होतो. करा सही, आणि मी आत्ता जाऊन सांगतो, मीच चुकलो म्हणून. तुमचं नावसुद्धा घेत नाही.”

त्यात तथ्य होतं. सही करायची, निघायचं, आणि बाकीचं तात्या निस्तरतील. मायक्रॉनच्या हाताला ती सही अगदी जवळ वाटली. पण काचेतून पॅकिंगचं टेबल दिसत होतं. मावशींनी काहीतरी मोजलं, थांबल्या, आणि मोजलेलं सगळं उलटून पहिल्यापासून मोजायला लागल्या.

विसरलं कोण होतं? तो. त्याच्या डोक्यातून गेलेली गोष्ट उचलून त्या बाईच्या डोक्यात नेऊन ठेवली होती, आणि ती बिचारी महिनाभर ती शोधत होती. सापडणार कुठून?

तो पुन्हा बाहेर आला. तात्या त्याच्यामागे आले नाहीत, पण केबिनचं दार उघडं राहिलं.

“मावशी, तुम्ही काही विसरला नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. काटा दोनवर ठेवायला दोन वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं, फोनवर. तो परत शून्यावर आणायलाही मीच सांगायचं होतं. ते मी विसरलो.”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुसून त्याच्या मनगटावर ठेवला. “तुम्ही भले आहात साहेब.”

“मी खरं सांगतोय.”

“हो हो. तात्याही परवा म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, असं होतं. भाचासुद्धा म्हणतो, मावशी, मी तर नाश्ता केला की नाही तेही विसरतो. सगळे किती सांभाळून घेता मला.” त्यांचे डोळे भरून आले होते. “आईशीही आम्ही असंच बोलायचो. तू विसरली नाहीस गं, आम्हीच सांगितलं नव्हतं. अगदी हेच वाक्य. म्हणून ओळखता येतं मला.”

मायक्रॉनला तोंडात मारल्यासारखं झालं. खरं बोलायला तो एक महिना उशिरा आला होता, आणि तेवढ्या वेळात खऱ्याची किंमत समजुतीच्या दोन शब्दांइतकी उतरली होती.

त्याने क्लिपबोर्ड ओढला. तीन ओळींच्या खाली ‘शेरा’ म्हणून अर्ध्या पानाची मोकळी जागा होती. इतक्या वर्षांत तिथे त्याने ‘समाधानकारक’ याशिवाय काही लिहिलं नव्हतं. आता तो उभ्याउभ्याच लिहू लागला. बुश दोन शतांश जाड ठेवण्याची तोंडी सूचना मी दिली. पुरवठादाराला रिपोर्टवर ड्रॉइंगचं माप लिहायला मीच सांगितलं. नवीन मशीन सुरू झाल्यावर सूचना मागे घेणं माझं काम होतं, ते मी विसरलो. ऑपरेटर क्रमांक चारला कोणतीही सूचना देण्यात आली नव्हती. या फॉर्मच्या पहिल्या पानावरचं कारण मी सांगून लिहून घेतलं आहे. खाली पूर्ण सही केली, तारीख आणि वेळ घातली.

कारखान्यात पोचेपर्यंत चाळीस मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांत आपण काय काय करू शकतो याची त्याला पुरती कल्पना होती. त्याने तिथेच पानाचा फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. मग कागद मावशींपुढे ठेवला.

मावशींनी चष्मा खाली ओढला. बोट ठेवून वाचलं. ‘मी विसरलो’पाशी बोट थांबलं, मग सहीवर गेलं, मग परत वर आलं.

“हे कारखान्यात जाणार?”

“गेलं.”

“मग तुमची नोकरी?”

त्याने खांदे उडवले. फोन थरथरला. मॅडमचा निरोप होता: उद्या नऊ वाजता. तुम्ही आणि पुरवठादार, दोघंही. दोन वर्षांचे रिपोर्ट घेऊन.

त्याने फोन केबिनच्या दाराकडे धरला. तात्यांनी दारातूनच वाचलं आणि दाराची चौकट धरली. “संपलं,” ते म्हणाले. “चौदा माणसं आहेत साहेब माझ्याकडे. मला एकदा विचारायचंत तरी.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि मी ऐकलं असतं.”

“तात्या,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण भाच्याने ग्राइंडर बंद केला. “तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात. ‘तुम्ही हो म्हणालात, मावशी.’ हात धरून म्हणालात.”

तात्यांनी चौकटीवरचा हात काढला.

“पाणी पिऊन येते,” मावशी म्हणाल्या. पण त्या हलल्या नाहीत. तिथेच बसून राहिल्या.

पाच वाजता त्यांची लेक फाटकाशी आली. पस्तिशीची, कामावरून थेट आलेली, खांद्याला दोन पिशव्या. “आई, वही? डबा? चष्मा?” ती एका दमात म्हणाली आणि मग आईचा चेहरा पाहून थांबली. “काय झालं?”

मायक्रॉन पुढे झाला. आपण कोण ते सांगितलं, आणि मघाचं सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. लेकीने कागद वाचला. एकदा वाचून झाल्यावर तिने तो घडी न घालता परत दिला.

“म्हणजे आई विसरली नव्हती.”

“नाही.”

ती आईकडे वळली. “मग त्या दिवशी घरी खिडकी कोणी उघडी टाकली होती?”

“जावईबापूंनी. मी तेव्हाही म्हणाले होते. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसलात.”

“आणि दूध?”

“दूध माझ्याकडून उतू गेलं. तुझ्याकडून नाही जात?”

“चाव्या?”

“चाव्या...” मावशी अडखळल्या. “चाव्यांचं मला नाही सांगता येत. तुम्ही सगळे म्हणायला लागलात, मग मी शोधायच्याच बंद केल्या.”

लेकीचा हात पिशवीच्या पट्ट्यावर घट्ट झाला. ती मायक्रॉनला म्हणाली, “महिनाभर माझी पोर विचारतेय, आजी मला का नको झाली. तिला काय सांगू ते सांगा. आणि परवाची डॉक्टरांची वेळ ठेवू की रद्द करू?”

“ते मी कसं सांगणार?”

“पहिल्यांदा कसं सांगितलंत?”

माफ करा म्हणायला तो तयार होता, वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं, पण ते त्याला असल्या फॉर्मवरच्या वाक्यांसारखंच दिसलं: वर सरकणारं, पाठ असलेलं. त्याने ते गिळलं.

“ठेव वेळ,” मावशीच म्हणाल्या. “जाऊन येऊ. यांनी लिहून दिलं ते खरं असेल. पण मी महिनाभर रोज स्वतःला तपासलंय गं. आता मलाच माहीत नाही.”

त्या फाटकाबाहेर पडल्या. मायक्रॉन क्लिपबोर्ड छातीशी धरून उभा राहिला. रस्त्याच्या कडेला लेकीने सवयीने आईचं कोपर धरलं. मावशींनी ते झटकलं. दोन गाड्या गेल्या. मग रस्ता मोकळा झाला, मावशींनी पाऊल उचललं, थांबल्या, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. आणि लेकीचा हात शोधत आपला हात मागे केला.